पुतण्या नाही, पण ओळखतो

गुणवंत वानखडे दिल्लीतल्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा खरा हुद्दा काका हाच. अमरावती, अकोला, वाशीम, यवतमाळ ह्या पट्ट्यातून जो कोणी दिल्लीला निघायचा, त्याच्या खिशात तिकिटाबरोबर काकांचा फोन नंबर असायचा. मीही तसाच आलो. अचलपूरच्या शाळेतल्या आमच्या सरांनी मला निघताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या: दिल्लीत 'मेरेको' म्हणू नकोस, आणि उतरल्या उतरल्या वानखड्यांकडे जा. त्यातली दुसरी जमली.

काकांचं सरकारी क्वार्टर सरोजिनी नगरला होतं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दिवसा टीव्ही चालायचा आणि रात्री पोरं झोपायची. कोणी स्पर्धा परीक्षेला आलेलं, कोणी नोकरीला लागलेलं, कोणी नुसतंच आलेलं. खोली मिळेपर्यंत राहायचं, आणि खोली मिळाल्यावरही पत्ता मात्र काकांचाच लिहायचा, कारण दिल्लीतला घरमालक भाडं घेतो, पत्ता वापरू देत नाही. सिमकार्ड, बँक, मोटरसायकल, सगळं काकांच्या दारात. मग चौकशीला माणूस यायचा. काका त्याला आधी बसवायचे, चहा मागवायचे आणि शांतपणे सांगायचे, "भतीजा है. यहीं रहता है."

राठोड, मेश्राम, देशमुख, शेख, सगळे भतीजे. एकदा बँकेच्या माणसाने धीर करून विचारलं होतं म्हणे, की अंकलजी, शेख आपला पुतण्या कसा? काका म्हणाले, "फॅमिली बड़ी है." तो माणूस चहा संपवून सही करून गेला.

ह्या मोठ्या फॅमिलीच्या पोळ्या चंद्रप्रभाकाकूंनी लाटल्या. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, असं काका सांगतात. काकू समोर नसल्या की सांगतात. निवृत्तीनंतर गुरुग्रामला दहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा काकूंनी एकच अट घातली. बाहेरच्या खोलीत सोफा हवा, आणि त्यावर कोणाला झोपता येता कामा नये.

घाईही होती. लेकीचे, पद्मजाचे, सासू-सासरे पुण्याहून पहिल्यांदाच घर बघायला येणार होते. जुन्या लोखंडी खाटा काकूंनी क्वार्टरमध्येच वाटून टाकल्या होत्या. नव्या घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक गादी. काकूंचे गुडघे गादीवर बसू देत नव्हते आणि व्याह्यांना प्लॅस्टिकवर बसवायला त्यांचं मन होत नव्हतं.

तर आम्ही तिघं कीर्तीनगरच्या एका फर्निचरच्या शोरूमला गेलो. मी का, तर सोफ्याची परीक्षा घ्यायला. काकू एकेका सोफ्यापुढे थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "आडवा हो." मी आडवा व्हायचो. "आराम वाटतो?" वाटतो म्हटलं की सोफा नापास. सेल्समनला हे गणित उलगडेना. तो आपला कुशन किती मऊ आहे ते सांगत होता, आणि जितकं मऊ सांगेल तितकं गिऱ्हाईक पुढे सरकत होतं. शेवटी एक सागवानी सोफा सापडला. तीन जागा, आणि प्रत्येक दोन जागांच्या मध्ये लाकडी हात. मी आडवा झालो, तर एक हात बरगडीत आणि दुसरा गुडघ्यात.

"हाच," काकू म्हणाल्या.

पैसे बिनव्याजी हप्त्यांत देता येतील, असं सेल्समनने सांगितलं. काकांचे पैसे फ्लॅटमध्ये गेलेले, पेन्शन महिन्याला येते, हप्ते महिन्याला जातील, बरोबर जुळलं. बुकिंगचे दहा हजार भरले. काकूंनी तीनदा विचारून घेतलं की हप्त्यांचं नाही जमलं तर काय? जमणारच, सेल्समन म्हणाला, पेन्शनवाल्याला कोण नाही म्हणतं? मग कोपऱ्यातल्या टेबलापाशी फायनान्स कंपनीची मुलगी बसली होती, तिने काकांचे कागद घेतले, फोटो काढला, कॉम्प्युटरवर बटणं दाबली आणि थोड्या वेळाने मान हलवली.

"अंकल, नहीं हुआ."

का नाही झालं, ह्यावर ती म्हणाली, सिस्टमने घेतलं नाही. सिस्टमने का नाही घेतलं, ते तिला दिसत नव्हतं. तिने पुन्हा करून पाहिलं. सिस्टम ठाम होती. एवढ्यात सेल्समनचा आवाजही बदलला. आता पूर्ण पैसे रोख द्या, नाहीतर बुकिंग बुडालं, पावतीच्या मागे लिहिलेलं आहे. पावतीच्या मागे खरंच काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते मुंगीनेच मुंगीला लिहिल्यासारखं.

मेट्रोत काका पूर्ण वेळ एकच विचारत होते. "अरे, मी इतक्या फायली परत पाठवल्या. पण कारण न लिहिता एकही नाही पाठवली. हे कसं चालतं?" मी म्हटलं, काका, सिस्टम. ते म्हणाले, "पण सिस्टम तर आम्ही होतो ना?"

मला वाटलं, कुठलंतरी जुनं थकलेलं कर्ज निघेल. वर्षातून एकदा आपल्या कर्जव्यवहाराचा अहवाल फुकट मिळतो, तो मी काकांच्या फोनवरून मागवला. अहवाल असा स्वच्छ की मला लाज वाटली. माझा मी कधी उघडून पाहिलेला नाही. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि आणखीच गोंधळले.

"म्हणजे मी चांगला आहे?"

"एकदम."

"मग नाही का म्हणाले?"

"काका, चांगले आहात म्हणून तर विचारायचा हक्क आहे," मी ठोकून दिलं. खरं म्हणजे हक्क वाईट माणसालाही असतो. नाकारलं तर कारण सांगावं लागतं, लेखी मागायचं. काकांना 'लेखी' शब्द ऐकून बरं वाटलं. त्यांनी कंपनीला असं पत्र लिहिलं, की वाचणाऱ्याने खुर्चीतून उठून वाचावं. वाट बघून बघून उत्तर आलं. अर्जदाराचा फोन नंबर आणि जुना पत्ता आमच्याकडच्याच एका थकलेल्या खात्याशी जोडलेला आहे. खातेदाराचं नाव विश्वास. अर्जदाराशी नातं: पुतण्या.

काका हसायलाच लागले, मग मध्येच थांबले.

विश्वास परतवाड्याचा. परीक्षेला आला होता, परीक्षा राहिली बाजूला, एका दुकानात लागला, हप्त्यावर मोटरसायकल घेतली. पत्ता काकांचा. चौकशीला माणूस आला, तेव्हा काकांनी चहा पाजून नेहमीचं वाक्य सांगितलं. पुढे मोटरसायकलसकट विश्वास दिसेनासा झाला, फोन बंद. वसुलीची माणसं आली, तर काकांनी त्यांनाही चहा पाजला आणि म्हणाले, भतीजा है, आएगा. आला नाही. वसुलीवाले थकून यायचे थांबले, पण जाताना नातं लिहून गेले.

मी म्हटलं, काका, ह्याची तक्रार वर करता येईल, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल असतो. काका म्हणाले, "तक्रार काय करू? लिहिलंय ते मीच सांगितलेलं आहे." काकूंनी विश्वासबद्दल फक्त एवढंच म्हटलं की इतक्या पोरांत सकाळी उठल्यावर गादीची घडी घालणारा तोच एक. आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून खाली सोसायटीचा बगीचा बघितला.

कंपनीची कचेरी गुरुग्रामलाच निघाली. तिथली मॅडम मोठ्या आदराने बोलली. तिने फाइल बघितली आणि सोपा उपाय सांगितला. अंकल, तुम्ही फक्त लिहून द्या की ह्या माणसाला तुम्ही ओळखत नाही. आम्ही जोडणी काढून टाकतो, सोफा दोन दिवसांत घरी. काका कर्जदार नाहीत, जामीन नाहीत, तेव्हा अडचण कसलीच नाही.

काकांनी पेन घेतलं. कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं: सदर व्यक्ती माझा पुतण्या नाही, तसे पूर्वी मी चुकीचे सांगितले. परंतु मी त्यास ओळखतो. तो माझ्या घरी राहिला व जेवला आहे. त्याच्या कर्जाशी माझा संबंध नाही.

मॅडमने कागद वाचला आणि म्हणाली, सर, सिस्टममध्ये असा पर्याय नाही. ओळखतो किंवा ओळखत नाही, दोनच आहेत. मी काकांना कोपराने ढोसलं. म्हटलं, अहो, तुम्ही आजवर शेखला पुतण्या केलंत, आता विश्वासला अनोळखी करा, हिशेब बरोबर होईल. काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच सिस्टम.

मॅडम शहाणी होती. तिने कागद ठेवून घेतला आणि म्हणाली, वरून पडताळणीचा फोन येईल, रेकॉर्ड होतो, तेव्हा नीट विचार करून बोला.

आम्ही ह्या गोंधळात असताना काकू गप्प बसल्या नव्हत्या. मला वाटत होतं त्या सोफ्याचं दुःख करताहेत. त्या सेल्समनचा आवाज शोधत होत्या. शोरूमला जायच्या आदल्याच दिवशी काकूंनी दुकानात फोन करून चौकशी केली होती, तेव्हा त्याने त्यांच्या फोनवर संदेश बोलून पाठवला होता: आंटीजी, टेन्शन मत लो, फायनान्स नहीं हुआ तो बुकिंग पूरी वापस. काकूंनी तो सांभाळला होता. त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, त्यांच्या त्या खास हिंदीत, जिच्यात वऱ्हाडी 'काहून' आणि हिंदी 'क्यूं' एकाच वाक्यात येतात, तक्रार लिहून घ्यायला लावली, आणि मग शोरूमच्या मालकाला त्याच्याच माणसाचा आवाज ऐकवला. मालकाने पावतीच्या मागचं वाचून दाखवायचा प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, पढ़ो, पण थोडं जोरसे पढ़ो, हेल्पलाइनवालोंको भी सुनाना है. दहा हजार खात्यात परत आले. आम्हा दोघांना हे कळलं ते बँकेचा मेसेज आला तेव्हा.

"तुम्ही दोघं पत्रं लिहा," काकू म्हणाल्या.

पुण्याचे पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो पडताळणीचा फोन आला. काकांनी स्पीकर चालू केला, कारण त्यांना एकट्याने ऐकायची भीती वाटत होती. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

पलीकडच्या माणसाने नाव, जन्मतारीख विचारली. मग म्हणाला, "क्या आप विश्वास को जानते हैं? हाँ या ना में जवाब दीजिए."

"देखिए, भतीजा नहीं है," काका म्हणाले. "वो मैंने झूठ बोला था."

"सर, हाँ या ना."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू ताटाकडे बघत होत्या. मी काकांना खुणेने 'ना' म्हणून दाखवत होतो, इतक्या जोराने की माझी मान दुखली.

"हाँ," काका म्हणाले. "जानता हूँ."

त्या माणसाने धन्यवाद दिले. संध्याकाळी मेसेज आला: अर्ज बंद.

मग काकू म्हणाल्या, "तीस वर्षं ज्याला त्याला पुतण्या केलंत. एकाला एकदा अनोळखी म्हणता आलं नाही?"

काकांनी विचारलं, "तू म्हणाली असतीस?"

काकूंनी ताट उचललं. "त्याला गादीची घडी नीट घालता यायची," म्हणाल्या आणि आत गेल्या. हे हो होतं की नाही, ते काकांना अजून कळलेलं नाही. ते मला अधूनमधून विचारतात.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे आले. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर नव्या चादरी टाकल्या होत्या, त्या सारख्या घसरत होत्या. व्याही म्हणाले, घर छान आहे, हवा छान आहे, सोफा अजून यायचाय वाटतं? काका उत्तर द्यायला लागले आणि त्यांनी सगळं सांगितलं, सिस्टमपासून परतवाड्यापर्यंत. पद्मजाच्या सासऱ्यांना त्यातलं निम्मंही समजलं नसावं, पण ते जाताना म्हणाले, आमचा धाकटा पुढच्या महिन्यात नोएडाला येतोय, खोली मिळेपर्यंत तुमच्याकडे आला तर चालेल ना. काकांनी हो म्हणायच्या आधी काकूंकडे पाहिलं. हा फरक मात्र पडलाय.

आणखी एक फरक पडलाय, तो आम्हाला महाग जातो. आता कोणाच्याही चौकशीचा फोन आला की काका म्हणतात, "भतीजा नहीं है, लेकिन जानता हूँ." पलीकडचा विचारतो, जानते हैं मतलब? मग काका सुरू करतात: कधी आला, कुठल्या गाडीने, किती पोळ्या खाल्ल्या. माझ्या नव्या कंपनीने माझी चौकशी केली, तेव्हा ते इतका वेळ खरं बोलत होते की माझं जॉइनिंग लांबलं. मॅनेजरने मला विचारलं, हे गृहस्थ नक्की तुझे कोण? मी म्हटलं, काका. तो म्हणाला, ते तर नाही म्हणतात.

सोफा आला नाही. परत आलेल्या दहा हजारांतून काकूंनी दुसऱ्या दुकानातून, रोखीने, एक सागवानी खुर्ची आणली. एका माणसाची. दोन्ही बाजूंना लाकडी हात, पाठ सरळ. ती खिडकीशी ठेवली आहे, आणि काकू तिच्यावर बसून तांदूळ निवडतात. बाकी मंडळी गादीवर. परवा यवतमाळचा एक नवा पोरगा आलाय, तोही गादीवर.

त्या खुर्चीवर मी एकदाच बसलोय. काकू आत होत्या म्हणून. त्या बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. मी उठलो, आणि गादीची घडी घालायला लागलो.