घोडीच्या डब्याचं छत

घोडी न्यायच्या डब्याचं छत गळतं, हे माझा मोठा भाऊ मान्यच करत नव्हता. घोडीची पाठ ओली का, असं विचारलं की म्हणायचा, "घाम हाय." हिवाळ्यातल्या अवकाळी पावसात वरोऱ्याहून मूल गावापर्यंत डब्यात नुसती उभी राहून गेलेल्या घोडीला घाम! मी तिच्या पाठीवरून हात फिरवून ओला तळवा त्याच्या नाकाशी धरला, तर म्हणाला, "मंग तूच जास्त पानी पाजलं असशीन."

घोडी आमच्या बाबांची. बाबांच्या तरुणपणी आमच्या बौद्ध वस्तीतल्या नवरदेवाला घोडी मिळायची नाही. तारीख मोकळी असली तरी घोडीवाल्याची घोडी नेमकी त्याच दिवशी आजारी पडायची. बाबा माजरीच्या खाणीत कामाला होते. एका नातेवाइकाच्या लग्नात असंच झालं आणि त्यांनी चिडून स्वतःचीच घोडी आणली. ही पांढरी त्यांची तिसरी. जायच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना खाटेजवळ बसवून सांगितलं होतं की घोडी दोघांची. माझं सासर माहेरच्याच गावात, दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे खरारा, दाणापाणी, खुरं, झुलीचं शिवणकाम माझ्याकडे आलं. लग्नं ठरवणं आणि गाडी चालवणं दादाकडे.

दादाचा जीव घोडीपेक्षा डब्यात जास्त. नागपूरहून त्यानं तो जुना आणला होता: दोन चाकांचा, लोखंडी पत्र्याचा, चारही बाजूंनी बंद, पिकअपच्या मागे जोडायचा. त्यानं त्याला लालभडक रंग दिला आणि मागे सोनेरी अक्षरांत 'नवरदेव स्पेशल' लिहून घेतलं. रंगाखाली सगळा गंज होता. छताच्या दोन पत्र्यांचा सांधा सुटला होता, आणि रिबिटांच्या भोवती बोट घातलं तर लाल भुगा हाताला लागायचा.

घोडीच्या पाठीवर खपल्या धरल्या तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "ओल्या पाठीवर खोगीर घालता काय?" बोलणी मी खाल्ली. दादा डॉक्टरांच्या गाडीला टेकून फोनवर बोलत उभा होता.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या अंगणात शिडी लावली. म्हटलं, मी वरून पाणी ओतते, तू आत बसून बघ.

"मी काय घोडी हाय काय?" तो म्हणाला.

वहिनी आत जाऊन बसली. मी बादली ओतली.

"बाई, डोक्यावर आलं!" आतून आवाज आला. मग, "मानेतून पाठीत गेलं!"

"तुले कोनं बोलाले सांगितलं?" दादा तिच्यावरच खेकसला. वहिनी बाहेर आली. त्याच्यासमोर उभी राहिली आणि ओला पदर त्याच्या पायांवर पिळला.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला गेले. हार्डवेअरच्या दुकानात गळती बुजवायचं काही मागितलं, तर मालकानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "बाथरूमले पायजे काय?"

"घोडीच्या डब्याले. पत्रा लोखंडी हाय. रस्त्यानं हलते, वरून ऊन लागते, आन् छताचा सांधा गळते."

तो हसला. मागच्या माणसाला हाक मारून त्यालाही ऐकवलं. "बाई, घरी कोनी माणूस नाई काय? त्याले पाठवा. त्याले समजावून देतो."

"घरच्या माणसाले गळतीच दिसून नाई राह्यली, म्हनून मी आली. मले समजावा."

त्यानं फटी बुजवायच्या सिलिकॉनची एक नळी पुढे सरकवली. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचायला लागले, तसा तो अजून वैतागला. काचेला आणि टाइल्सला चालेल, उघड्या लोखंडाला लावू नका, यावर रंग बसत नाही, असं त्यावरच लिहिलं होतं. मी नळी परत ठेवली. दुसरं काही आहे का, म्हटलं. बराच वेळ त्यानं इतर गिऱ्हाइकं काढली. शेवटी एक राखाडी नळी काउंटरवर आपटली. "पीयू हाय, सांधे भराचं रबरासारखं. बसची बॉडी बांधणारे नेतात. तुमच्यानं नाई होणार."

मी ती घेतली. सिलिकॉनचीही घेतली आणि डांबराचा एक डबा. मला कुणाच्याच शब्दावर विसंबायचं नव्हतं, त्याच्या तर नाहीच.

पत्र्याच्या कामवाल्याकडून टाकाऊ तुकडे आणले, त्याच्याकडूनच दोन-दोन तुकडे रिबिटांनी जोडून घेतले. एका सांध्यावर डांबर, एकावर सिलिकॉन, एकावर पीयू. आणि उन्हाळा तापेपर्यंत ठेवले माझ्या गच्चीवर. चंद्रपूरच्या उन्हाबद्दल वेगळं काय सांगायचं. डांबर वितळून गच्चीवर ओघळलं. सिलिकॉन वरून काचेसारखं छान दिसत होतं, पण कडेला नख लावलं की सापाच्या कातीसारखं निघून यायचं, आणि खाली पत्र्यावर गंजाची ताजी रेघ. पीयू दिसायला भिकार, राखाडी, चिखल फासल्यासारखं. पण मी पत्रा पायाखाली धरून वाकवला तर तेही सोबत वाकलं. सुटलं नाही.

तिन्ही तुकडे घेऊन दादाकडे गेले. त्यानं ते हातातही घेतले नाहीत. त्याच्या दोस्ताच्या दुकानातून त्यानं सिलिकॉनच्या नळ्यांचा अख्खा खोका आधीच आणून ठेवला होता.

"काचेले चिकटते, मंग पत्र्याले काऊन नाई चिकटणार?"

"लिहून हाय त्याच्यावर. वाच ना."

"तू वाच. तुले लई वाचाचा शौक हाय."

त्यानं माझे तुकडे उकिरड्यावर भिरकावले आणि स्वतः शिडीवर चढला. गंज काढला नाही, धूळ पुसली नाही, तसंच फासत गेला. सगळ्या अंगणात व्हिनेगरचा आंबट वास सुटला. छत झालं, तर खाली वाकून त्यानं तळाच्या कडेची फटही बुजवली. त्या फटीतून घोडीचं मूत आणि आत आलेलं पाणी बाहेर जायचं.

"ते काऊन बुजवलं? मुताचं पानी कुठून जाईन?"

"तुले गळती बंद पायजे होती ना?" तो म्हणाला. "घे, केली बंद."

मला राग आलाच होता, पण त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून अंगाची आग झाली.

त्यानंतरचं लग्न राजुऱ्याकडचं होतं. बल्लारपूर सोडलं आणि वळवाचा पाऊस लागला. मी पिकअपमध्ये दादाच्या शेजारी होते. समोर कोळशाचा ट्रक थांबला तसा दादानं करकचून ब्रेक मारला. मागे डब्यात धाडकन आवाज झाला.

"थांब. पडली ती."

"घसरली असन. राहीन उभी." त्यानं गाडी थांबवली नाही.

मांडवापाशी पोचल्यावर मी डब्याचं दार उघडलं. आधी काळं, शेणाचं पाणी माझ्या पायांवर आलं. ते सगळं आत साचून राहिलं होतं. छतापासून सिलिकॉनच्या पट्ट्या शेवयांसारख्या लोंबत होत्या. आणि घोडी कोपऱ्याला अंग लावून थरथरत होती, दोन्ही गुडघे सोललेले.

दादानं आत डोकावून पाहिलं. "झूल जरा खाली ओढ. गुडघे झाकले की झालं."

बँडवाले वाजवायला लागले होते. नवरदेवाचा मामा घाई करत आला. मी त्याला सांगितलं, घोडीवर कुणी बसणार नाही.

"असं कसं? पाहुण्यायले शब्द देला हाय. नवरदेव घोडीवरच येईन."

"नाई येणार."

तेव्हा दादा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "हिचं काय ऐकता? लग्न करून देली, परक्या घरची झाली. हिचा घोडीवर काय हक्क हाय?"

बँडमधला एक जण फिदीफिदी हसला. माझ्या हातात खोगीर होतं. ते मी दादाच्या पायाशी चिखलात टाकलं. "घे. तुह्याच पाठीवर घाल." मामानं लगाम धरायला हात पुढे केला, तो मी झटकला. घोडीला घेऊन बँडच्या मधून चालू लागले. मागून शिव्या येत होत्या. एक आवाज दादाचा होता.

फेटा बांधलेला नवरदेव मांडवाच्या कडेला उभा होता. आमच्यासारख्याच वस्तीतला पोरगा. अशाच पोरांसाठी बाबांनी घोडी पाळली होती, आणि मी ती त्याच्यासमोरून घेऊन चालले होते. तरी थांबले नाही. आजही थांबणार नाही. पण त्याच्या तोंडाकडे बघायचं माझ्याच्यानं झालं नाही.

राजुऱ्यात आमची एक आत्या राहते. घोडी तिच्या अंगणात बांधली. गुडघे कोमट मिठाच्या पाण्यानं धुतले, डॉक्टर बोलावले, जखमा भरेपर्यंत तिथेच ठेवायचं ठरलं. इकडे दादानं नातेवाइकांच्या ग्रुपवर मला घोडीचोर ठरवलं. दोन काकांनी त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला. मला एकानंही फोन करून काय झालं ते विचारलं नाही.

लग्नांच्या तारखा तोंडावर आल्या तेव्हा फोन आला तो वहिनीचा. "बाई, हे तं बोलणार नाईत. पन घोडी कशी आणाची?"

मी सांगितलं, डबा मी दुरुस्त करीन, मला हवा तसा. आणि घोडी यापुढे माझ्या दारात राहील. हे मान्य नसेल तर ती आत्याकडेच बरी आहे. फोनच्या पलीकडे दादाचा आवाज चढलेला ऐकू आला. मग वहिनी म्हणाली, "या."

मी काम करत होते तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला. सिलिकॉन थिनरनंही जात नाही. त्याचा अंश राहिला तर वर दुसरं काही धरत नाही. म्हणून सुरीनं खरवडायचं आणि तारेच्या ब्रशनं पत्रा चमकेपर्यंत घासायचं. खांदे भरून आले.

"रंग काढून राह्यली माह्या गाडीचा," तो खुर्चीतून म्हणाला.

"गंज काढून राह्यली."

तळाला भोकं पाडायला ड्रिल हवं होतं. "ड्रिल माही हाय," म्हणाला. वहिनीनं ते घरातून आणून माझ्या हातात दिलं आणि पिन लावली. तो उठला आणि पिन काढली. तिनं परत लावली, आणि हात बोर्डावरच ठेवून उभी राहिली. मग तो चपला पायात अडकवून पानठेल्याकडे निघून गेला.

पत्र्याला गंजरोधक प्रायमर दिला, तो नीट वाळू दिला. मग सांध्यांत पीयू नुसतं वरून न फासता आतपर्यंत दाबून भरलं, बोटानं सारखं केलं, एकेका रिबिटावर टोपी बसवल्यासारखं लावलं. सुकल्यावर वरून रंग. लाल मिळाला, पण त्याच्या लालपेक्षा फिका.

या वेळी मी आत बसले आणि वहिनीनं शिडीवरून बादल्या ओतल्या. अंधारात डोक्यावर पाणी धडधडत होतं. मी छताला हात लावून बसले होते. एक थेंब आला नाही. वहिनीनं "झालं काय?" विचारलं तरी थोडा वेळ तिथेच बसून राहिले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

दादा परत आला होता. तो आत शिरला. सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवत ओल शोधली. बाहेर येऊन म्हणाला, "बादलीनं काय समजते? पाऊस वेगळा असते."

आता घोडी माझ्याकडे असते. गुडघ्यांवर केस आले नाहीत, तिथे काळी कातडी दिसते. लग्न असलं की दादा पिकअप माझ्या दारात आणतो, हॉर्न वाजवतो, उतरत नाही. मी घोडी चढवते आणि पुढे बसते. आमच्या दोघांच्या मधे झुलीचं गाठोडं असतं. वाटेत बोलणं होत नाही.

मागच्या लग्नाला ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर दणकून पाऊस आला. न सांगता त्यानं गाडी बाजूला घेतली, भिजत मागे गेला, डब्याचं दार उघडलं, लावलं, आणि परत येऊन बसला.

"कोरडी हाय काय?" मी विचारलं.

"तुले पाह्याचं असन तं पाह्य."

मी पावसात उतरले आणि पाहिलं. कोरडी होती.