लोटन आबांचा गारवा

सावद्याच्या बाजारात लोटन आबांना शोधायचं असेल तर चेहरे बघत बसू नये, सदरे बघावेत. आबांचा सदरा दुकानातून येतो तेव्हा पांढरा असतो. आठवड्याभरात त्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग पडतात आणि मग ते जन्मभर राहतात, कारण केळीचा चीक कापडाला लागला की कापड फाटेपर्यंत निघत नाही. त्यांच्या बायकोने, सुनंदाकाकूंनी, सोडा झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, सगळं करून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. आबांना त्याची फिकीर नाही. लग्नाला निघाले तरी आत तोच सदरा आणि वर जाकीट.

"केयीवाल्याचा सदरा कोरा दिसला तं लोक इचारतात, आबा, बाग मोडली का?" असं त्यांचं उत्तर.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. शिवणकाम करते, त्यामुळे दार दिवसभर उघडं आणि आबांच्या घरात काय चाललंय ते मला आपोआप कळतं. कान देऊन ऐकावं लागत नाही, आबांचा आवाजच तसा आहे.

त्यांची एकुलती एक लेक मयुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. घरात सगळे तिला मनू म्हणतात. मनू झाल्यापासून आबांचं शेतात लक्ष कमी आणि पाळण्यात जास्त. आखाजी जवळ आली होती. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकींचा सण. कडुलिंबाला झोका बांधायचा, लेकींनी माहेरी यायचं, झोक्यावर बसून गाणी म्हणायची, आमरस-पुरणपोळी खायची. मनूला मांडीवर घेऊन मयुरी झोक्यावर बसलेली आबांना बघायची होती. झोक्याचा नवा दोर त्यांनी कधीच आणून ठेवला होता.

पण ऊन काही आबांचं ऐकणारं नव्हतं. सकाळी भांडी घासायला बसावं तर नळाचं पाणी गरम. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसेना. आणि आबांचे जावई भूपेंद्र जळगावला मेहरूणमध्ये राहतात, त्यांच्या बेडरूममध्ये एसी. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"आबा, मनूला त्रास होत असेल. मी रविवारी येतो आणि दोघींना घेऊन जातो. इथे थंड आहे."

"जावाईबापू, त्रास कायचा? मी इथं काश्मीर करून ठेवतो!" आबा म्हणायचे.

आबांनी काश्मीर करायला घेतलं. मनूची खोली पत्र्याची, पश्चिमेला खिडकी, उत्तरेला दुसरी. आबांनी आयुष्यभर केळीची कोवळी रोपं उन्हाळ्यात जगवली आहेत आणि त्यांना एवढं पक्कं माहीत की रोपाचा खरा वैरी म्हणजे पश्चिमेची झळ. म्हणून त्यांनी पश्चिमेची खिडकी गोणपाटाने बंद केली. इथपर्यंत ठीक. मग उत्तरेचीही केली. मग दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. रोपांवर घालतात ते पांढरं कापड शेतातून आणून छताच्या कडेने खोचलं. खोलीत मधोमध कूलर ठेवला, त्यात पाणी भरलं आणि बाहेर येऊन छाती फुगवून म्हणाले, "बाहेरची झय आत नाही, आतला गारवा बाहेर नाही!"

त्यात सुनंदाकाकूंचं टोपडं. उन्हाळा असो, वणवा असो, बाळाचं डोकं झाकलंच पाहिजे. मी शिवलेली पातळ झबली ट्रंकेत, आणि लेकराच्या अंगावर दुपट्यावर दुपटं.

पहिला दिवस सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मनू किरकिर करायला लागली. तिसऱ्या दिवशी तिला न्हाऊ घालायला कमलबाई आल्या. कमलबाई मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी टोपडं काढलं, मान बघितली आणि ओरडल्याच.

"ओ माय! पोरनी मान देखा, बठ्ठ्या घामोळ्या! आनि या खोलीमा वारा कोठे शे?"

मान, पाठ, काखा, सगळीकडे लाल पुरळ. मयुरी रडकुंडीला आली. काकू टोपडं हातात घेऊन नुसत्याच उभ्या. आवाज ऐकून मी समोरून धावत गेले, आणि आबा शेतातून आलेले तसेच, चिखलाच्या पायांनी, खोलीत शिरले आणि उंबऱ्याच्या आतच थबकले. त्यांनी नाकाने श्वास ओढला. भिंतीला हात लावला. भिंत ओली होती.

तरुणपणी आबा एका व्यापाऱ्याकडे केळी पिकवायच्या खोलीवर कामाला होते. हिरवे घड आत रचायचे, दार-फटी बंद करायच्या, आत उबट ओली हवा कोंडायची की घड पिवळे होतात. त्या हवेचा वास आबांना पाठ आहे. ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अक्का," ते म्हणाले, "ही तं केयीची खोली झाली वं. मी माह्या नातीले पिकायले घातलं!"

मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू. मयुरीही रडता रडता हसली. आबा मात्र हसले नाहीत.

मनूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, घाबरू नका, खोलीत हवा खेळती ठेवा, अंगावर एकच सैल सुती कपडा, डोकं उघडं, आईचं दूध पुन्हा पुन्हा पाजा, वरचं पाणी अजून नको. टोपड्याचं नाव निघताच काकू रस्त्याकडे बघायला लागल्या.

घरी आल्यावर आबांनी स्वतःहून फोन लावला. मी तेव्हा आणखी झबली द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"जावाईबापू, रविवारी या. दोघीले घेऊन जा. माह्याच्यानं चूक झाली. पोरीले थंड हवा पाहिजे, माहा हट्ट नको."

फोन ठेवला आणि झोक्याचा दोर खुंटीवरून काढून माळ्यावर टाकला. मला आबांचा फार राग यायचा, त्यांच्या बढायांचा. त्या दिवशी मात्र त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

रविवार यायला अजून दोनच दिवस होते. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण आबा म्हणाले, "दोन दिवस का असेना, लेकराले गरम कायले होऊ द्यायचं?" आणि या वेळी त्यांनी खोली बंद केली नाही, खोलीची बाग केली. चिंध्या काढल्या, उत्तरेची खिडकी सताड उघडली. कूलर उचलून त्या खिडकीच्या बाहेर नेला, म्हणजे तो बाहेरची हवा आत ढकलेल, आणि समोरचं दार उघडं ठेवलं, म्हणजे आतली ओल निघून जाईल. पाळणा वाऱ्याच्या झोतातून बाजूला घेतला. पश्चिमेला बागेसारखी हिरवी जाळी बांधली, तिच्यामागे गोणपाट, त्यावर सकाळ-दुपार पाणी. मग ट्रॅक्टर भरून घड उतरलेल्या केळीची खोडं आणली. खोडाच्या जाड साली पाण्याने डबडबलेल्या असतात. त्या सोलून पत्र्यावर पसरल्या, वर केळीची पानं टाकली. गल्लीतले लोक विचारायचे, आबा, घरावर बाग लावली का? आबा कुणालाच उत्तर देईनात. खोलीत जायचे, मनूच्या मानेला बोटांची मागची बाजू लावून बघायचे आणि पुन्हा पत्र्यावर चढायचे.

घामोळ्या सुकायला लागल्या. मनू पातळ झबल्यात, उघड्या डोक्याने, हातपाय पसरून झोपायला लागली. काकूंनी टोपडी स्वतःच धुऊन ट्रंकेत ठेवली आणि वर मलाच म्हणाल्या, "मी तं पयलेच सांगत होती."

रविवारी भर दुपारी भूपेंद्र आले. चांगला पांढरा शर्ट, कपाळावर घाम. आबांनी मयुरीची बॅग स्वतःच्या हाताने भरून दाराशी ठेवली होती. वर मनूची झबली, घडी घालून.

"उन्हं उतरू द्या, मंग निघा," आबा म्हणाले. "तवरोक लेकरापाशी बसा."

भूपेंद्र खोलीत गेले. पाळण्याशेजारी चटईवर बसले, मनूच्या मानेला हात लावला, मग वर बघितलं, मग खिडकीकडे. नंतर जरा भिंतीला टेकले. पाच मिनिटांनी मी डोकावले तर जावाईबापू घोरत होते. पाळण्यात मनू, खाली तिचा बाप, दोघांची तोंडं सारखीच उघडी. मयुरी पदर तोंडाला लावून हसत होती.

ते उठले तेव्हा उन्हं कलली होती. उठून बसले आणि शर्टाकडे बघतच राहिले. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातून खोडाचा चीक मिसळलेलं पाणी थेंब थेंब खाली आलं होतं आणि पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत डाग पडले होते. सुनंदाकाकूंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा, हे तं जन्मात निघत नाही!"

आबा दारात बॅगेजवळ उभे होते. म्हणाले, "माफ करा जावाईबापू. चला, तुम्हाले उशीर होईन."

भूपेंद्र उठले, दाराशी आले, बॅग उचलली. आबांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी जवळच उभी होते, मला दिसलं. भूपेंद्र मात्र बाहेर न जाता बॅग घेऊन परत आत गेले आणि त्यांनी ती पाळण्याखाली सरकवली.

"आबा," ते आतून म्हणाले, "माझी रजा उद्यापर्यंत आहे. तुमचा एखादा जुना सदरा द्या ना. आणि झोका कुठे बांधायचा ते दाखवा. या दोघींना मी आखाजी झाल्यावर नेतो."

आबा आत गेले. खुंटीवरचा सगळ्यात जास्त डागांचा सदरा काढून त्यांनी जावयाच्या हातात दिला आणि मग माळ्यावरचा दोर काढायला स्टुलावर चढले.