चांदीचे डोळे

डावा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेला होता. सगळा संसार मी उजव्यावर केला. पन्नाशीनंतर त्यातही मोतीबिंदू उतरला आणि तव्यावरची भाकरी करपल्याचे मला वासावरून कळू लागले. निजामाच्या राजवटीतली ही गोष्ट. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि सांगितले, लहानसे ऑपरेशन आहे, भिण्यासारखे काही नाही. फक्त तोवर धुळीत जायचे नाही आणि खोकला लागू द्यायचा नाही. कापताना एक ठसका आला तरी डोळा हातचा जाईल. पुढच्या आठवड्यातला दिवस त्यांनी ठरवून दिला. लहानसे म्हणे! ज्याला दोन डोळे आहेत त्याच्यासाठी लहानसे.

आमच्या गावी, बोरीला घरी आले आणि माझ्या मनाने एकच घेतले, आधी चारठाण्याच्या महादेवाला जाऊन यायचे. ते माझ्या माहेराचे दैवत. डोळा बरा झाला की देवाला चांदीचे डोळे वाहायचे, ही आमच्याकडची रीत. पण बरा झाला तर ना? मी ठरवले, डोळे आधीच वाहू, म्हणजे देव बांधला जाईल. आणि आहे तेवढ्या नजरेने त्याला एकदा पोटभर बघून घेऊ. पुढे अंधार झाला तरी ते रूप जवळ राहील. सोनाराकडून डोळे करवून आणले आणि पदराच्या गाठीला बांधून ठेवले.

मालकांना हे पटले नाही. "इतक्या फुफाट्यातून कुटं जायलीस? खोकला लागला म्हंजी? देव काय पळून जायलाय का?"

"देव न्हाई पळत. माजा डोळाच पळायलाय," मी म्हटले.

बोलायला बोलले, पण आतून मलाही भीती होती. देवाला जाऊन डोळा गेला तर बोल देवालाच लागणार, आणि न जाता गेला तर जन्मभर हळहळ. माझे होय-नको चालूच राहिले. मग एका सकाळी मालकांनीच गाडीत कडबा अंथरला, वर गोधडी टाकली आणि म्हणाले, "तोंडाला पदर बांध. सोडलास तर गाडी माघारी फिरवीन." मला तेव्हा त्यांचा फार आधार वाटला. जिंतूरला मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी चारठाण्याला पोचलो.

सोमवार होता, बायकांची गर्दी होती. गाभाऱ्यात वाकून शिरले आणि पाहते तर काय, समईची ज्योत तेवढी फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखी पसरट दिसली. बाकी काळोख. देव जिथे असायला हवा तिथे मला काहीच दिसेना. एवढा हट्ट करून, मालकांना रानातली कामे सोडायला लावून मी आले होते, आणि काहीच दिसेना! रडूच फुटले. रडतच पदराची गाठ सोडली. चांदीचे डोळे निसटले आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला. मी खाली बसून चाचपडू लागले.

कुणा बाईने माझे मनगट धरले. "काय हुडकायलाव, मावशी?"

"देवाला आणलेले डोळे पडले गं. आन् देव बी दिसंना."

"डोळ्यानं दिसंना तर हातानं बघा की," ती म्हणाली आणि माझा तळवा तिने पिंडीवर टेकवला. "आन् डोळे ऱ्हाऊ द्या आता. ज्याचे त्याच्यापाशी गेले."

पिंडीवर टांगलेल्या गळतीच्या भांड्यातून थेंब थेंब पाणी पडत होते, ते माझ्या हातावर पडू लागले. दगड गुळगुळीत आणि गार. माझे रडे कधी थांबले ते कळले नाही. उठून हाक दिली तेव्हा ती बाई शेजारी नव्हती. ऐकणारे म्हणतात, साक्षात पार्वती होती. मी तसे म्हणत नाही. तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता. पण एवढ्या गर्दीत ती माझ्याच शेजारी का उभी राहिली, हे विचारायचे मी सोडून दिले आहे.

पदर घट्ट बांधूनही परतताना घसा खवखवू लागलाच. मालक 'सांगत होतो' असे एकदाही म्हणाले नाहीत. अडुळशाचा काढा तेवढा उकळून देत राहिले. ठरल्या दिवशी घसा मोकळा वाटला म्हणून आम्ही परभणीला गेलो.

टेबलावर निजवल्यावर डॉक्टर म्हणाले, "अम्मा, हिलना नक्को. खांसी आई तो पैले बोलो." डोळ्यात ते औषधाचे थेंब टाकू लागले. आणि नेमकी तेव्हाच घशात खवखव उठली. सांगावे म्हणून मी तोंड उघडले, तोच पुढचा गार थेंब पडला आणि माझ्या तळहाताला ती पिंडी आठवली. खरेच, हातालाच आठवली. डोळा वाचव, असे मी त्या घडीला म्हटले नाही. ज्याचा त्याच्यापाशी, एवढेच मनात आले. आवंढा गिळला, आणि पाहते तो घसा शांत. डॉक्टरांनी खोकल्याचे विचारले तेव्हा मी म्हटले, करा आता.

पट्टी सुटली तेव्हा आधी दिसले मालकांचे दाढीचे खुंट, सगळे पांढरे. एवढे पिकले कधी, म्हणून मला हसू आले आणि ते मात्र रडायला लागले.

देवाला बांधायला गेले होते मी, आणि त्याने माझीच गाठ सोडून घेतली. त्या बाईचे, डॉक्टरांचे, काढा उकळणाऱ्या हातांचे, कुणाकुणाचे उपकार मानू! पुढे जाड भिंगांचा चष्मा लावून मी चारठाण्याला गेले. गाभाऱ्यात सगळे लख्ख दिसले, बेलाचे पान न पान. मी पिंडीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

मागून मालक म्हणाले, "अगं, आता दिसायलंय तर डोळे कशाला मिटलीस?"

"थांबा जरा," मी म्हटले, "बघायलेय."