ओलं फडकं

गायकवाड सिस्टर हॉटेलात शिरल्या की आधी टेबल हुंगत. खुर्ची ओढायच्या आधी, पर्स ठेवायच्या आधी त्या उभ्यानंच कमरेत वाकत, नाक टेबलाच्या सनमायक्याजवळ नेत आणि एक लांब श्वास घेत. मग एक तर बसत, नाहीतर वळून चालू लागत. बहुतेक वेळा वळतच. पहिल्यांदा मी त्यांच्यासोबत बदलापूर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी बसूनही घेतलं होतं. मेनूकार्ड उघडलं, तेवढ्यात वेटरचा आवाज आला, "क्या सूंघ रहे हो, आंटी?"

"तू ज्याने पुसलंस ना, ते," सिस्टर म्हणाल्या. "कधी धुतलं होतंस?"

"अभी तो मारा कपडा."

"मारलास ते दिसतंय. धुतलं कधी? घेऊन ये, बघू."

फडकं आलं नाही. मालक काउंटरवरून मान उंच करून पाहू लागला. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब खायचं थांबलं. मी मेनूकार्डात तोंड लपवलं. "ऊठ गं मास्तरीण," सिस्टर मला म्हणाल्या, "कोपर टेकून बसलीयस, आता घरी जाऊन हुंग." घरी जाताना रिक्षात मी हळूच हुंगलं. आंबट, कुबट, कालच्या सांबाराचा आणि कधीच न वाळलेल्या कापडाचा तो वास होता. तोवर किती टेबलांवर मी तो वास अंगाला लावून घेत जेवले असेन, कोण जाणे.

बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत त्या माझ्या समोरच्या खोलीत राहत. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. उंच बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चालताना समोरच्याने बाजूला व्हावं अशी चाल. माझे मिस्टर गेल्यानंतर कित्येक आठवडे मी शाळेतून येऊन नुसती खिचडी टाकत होते. एका रविवारी दुपारी त्यांनी दार वाजवलं. "चल, बाहेर जेवायला." मी म्हटलं, सिस्टर, असं एकट्या बाईने हॉटेलात... "दोघी आहोत," त्या म्हणाल्या. "आणि मी तर नेहमीच एकटी जाते. मला कुणी खाल्लं नाही अजून. मीच खाऊन येते."

तेव्हापासून रविवार त्यांचे झाले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, शेअर रिक्षा नेईल तिथे आम्ही गेलो. या तिन्ही शहरांबद्दल त्यांची मतं ठाम होती आणि बहुतेक सगळी जहरी. "डोळे बांधून मला फिरवा. केमिकलचा वास आला की उल्हासनगर, फिनाईलचा आला की अंबरनाथ, जळक्या तेलाचा आला की बदलापूर." 'चुलीवरची मिसळ' असा बोर्ड दिसला की त्या सरळ हॉटेलाच्या मागे जाऊन पाहून येत. "दारात बैलगाडीचं चाक, आत फेटा बांधलेला पुतळा, आणि मागे गॅसची शेगडी. चूल फक्त बोर्डावर पेटलीय." चायनीजच्या गाड्यांकडे बोट दाखवून म्हणत, "लाल रंग ओतला की कालचं आज होतं." आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, तिथे आधी मोबाइलचं दुकान आलं, मग बिअर शॉपी. सिस्टर पिशवीत दळण घेऊन एकदा त्या शॉपीच्या काउंटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय पाहिजे, मावशी?" "जाडसर दळून पाहिजे." तो माणूस ओशाळून हसला. या हसल्या नाहीत. "हसतोस काय? एवढ्या वस्तीत आता दळायला कुठे जायचं ते सांग."

त्यांना पसंत असलेलं हॉटेल एकच होतं, आणि ते मी पाहिलेलं नाही. उल्हासनगरात कॅम्प तीनच्या बाजारात एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं. त्यांना सगळे साईं म्हणत. तरुणपणी रात्रपाळी संपवून सिस्टर भुकेल्या पोटी बाहेर पडत, तर जिथे जावं तिथे एकट्या बाईला बघून आतल्या केबिनकडे बोट दाखवत. "फॅमिली रूम. कसली फॅमिली? लाकडी खोका, त्याला पडदा, आणि त्या पडद्याला अख्ख्या गावाने हात पुसलेले." साईंच्या हॉटेलात त्या शिरल्या तेव्हा कुणी बोट दाखवलं नाही. वॉर्डात गाद्या-चादरी हुंगून बघायची सवय होती, तशा त्या नकळत टेबलाशी वाकल्या. साईं गल्ल्यावरून म्हणाले, "सूंघो बेटी, सूंघो. पसंद आए तो बैठो." संगमरवरी टेबल होतं. त्याला कसलाच वास नव्हता. बाहेर दुकानाच्या पाटीपासून विजेच्या खांबापर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर टेबलं पुसायची पांढरी फडकी, सोड्यात उकळून, रस्त्यावर सगळ्यांना दिसतील अशी वाळत घातलेली. दाराजवळच्या त्या टेबलावर, रस्त्याकडे तोंड करून, सिस्टर वर्षानुवर्षं दाल-पकवान खात आल्या. साईं गेले. मुलांनी जागा विकली. तिथे आता जीन्सचं दुकान आहे.

एकदा, एकदाच, परतताना रिक्षा चिखलोलीच्या वळणावर अडकली असताना त्या आपणहून बोलल्या. "माझ्या वडलांना गावातल्या हॉटेलात चहा बाहेर मिळायचा. त्यांचा कप वेगळा, वळचणीला खोचलेला. काढायचा, उभ्याने प्यायचा, स्वतः धुवायचा, परत खोचायचा. टेबल त्यांनी लांबून बघितलं." रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "मी टेबलापर्यंत आले. मग ते घाणेरडं का चालवून घेऊ?"

मला वाटायचं, बाईंना नावं ठेवायची हौस आहे. त्या दिवशी कळलं की त्या काहीतरी शोधत होत्या. पुढच्या बाजूचं, रस्त्याकडे तोंड असलेलं, स्वच्छ पुसलेलं एक टेबल, जिथे बाईला एकटीने बसून मासे खाता येतील. "एक सापडलं ना, की झालं," त्या म्हणत. "मग दर रविवारी तिथेच. मी नसले तरी तू जायचंस."

एकटीने हॉटेलात पाऊल टाकायचं मला धैर्य नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

अंबरनाथला एका 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'मध्ये वेटर दारातच आडवा आला. "मॅडम, फॅमिली ऊपर." सिस्टर वर जाऊन आल्या. वर निळे दिवे, बंद खिडक्या आणि टेबल इतकं चिकट की पदर चिकटला. त्या खाली आल्या आणि पिणाऱ्या पुरुषांच्या मधोमध एका टेबलाशी वाकल्या. "हे त्यातल्या त्यात बरं आहे. दारूने पुसलं की किडे तरी मरतात. सुरमई थाळी आण." कोपऱ्यात एकाने ग्लास पाण्याच्या जगामागे सरकवला. पाहते तर आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. ते अर्धवट उठून म्हणाले, "नमस्कार बाई. मी आपलं... सोडा घेत होतो." सिस्टर तिथूनच म्हणाल्या, "घ्या हो सर, निवांत घ्या. फक्त टेबलाला तोंड लावू नका." थाळी आली. सुरमई शिळी होती. एक घास हुंगून त्यांनी ताट सरकवलं, आणि आम्ही पुन्हा उपाशी रस्त्यावर.

मग ती साथ आली. सिस्टर तापाने फणफणल्या, त्यातून उठल्या, पण वास गेला तो गेलाच. महिने गेले, परतला नाही. "सुका बोंबील भाजला," मला सांगत होत्या. "खालच्या मजल्यावरचे भांडायला वर आले. मी नाक तव्यावर धरलं, तर काही नाही. शून्य." त्यांच्या तोंडावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रविवारी मात्र साडीची इस्त्री तशीच कडक होती. हॉटेलात गेल्यावर त्या सवयीने वाकल्या, श्वास घेतला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग सरळ होऊन मला म्हणाल्या, "तू हुंग."

मी चष्म्याची डबी मुद्दाम खाली पाडली आणि ती उचलायच्या निमित्ताने टेबलाजवळून नाक नेलं.

"नाटकं करू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "चोरी करतेयस का? सरळ हुंग. आणि खरं सांग. मला आता कळायचं नाही, म्हणून खरं सांग."

मी खरं सांगत गेले. आम्ही उठत गेलो.

मिलिंद त्यांच्या भावाचा मुलगा. चिखलोलीच्या एका नव्या टॉवरमध्ये त्याने फ्लॅट घेतला होता आणि त्याच टॉवरच्या तळमजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये मुलीचा पहिला वाढदिवस ठेवला होता. काचेची भिंत, प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, कानठळ्या बसवणारं गाणं. आत्या येणार म्हणून त्याने मधलं टेबल राखून ठेवलं होतं, त्याच्या खुर्चीला रेशमी फीत बांधलेली. "आत्या, हे तुझं," तो हौसेने म्हणाला. सिस्टर खुर्चीपाशी थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. सगळे नातेवाईक पाहत होते. मी वाकले. वरून लिंबाच्या फवाऱ्याचा वास मारला होता. त्याच्याखाली तोच. आंबट, कुबट, तोच.

"येतोय," मी म्हणाले.

मिलिंदचा चेहरा उतरला. मॅनेजर धावत आला, त्याने चुटकी वाजवली, आणि वेटरने खांद्यावरचं तेच काळपट फडकं काढून टेबलावर ओलं वर्तुळ ओढलं. सिस्टर म्हणाल्या, "चालू द्या तुमचं. मी उभी आहे."

आणि त्या उभ्या राहिल्या. केक कापला, फोटो झाले, जेवणं झाली. सुजलेल्या पायांनी त्या काचेला टेकून उभ्या, कडेवर ती लहानगी, तिच्या टाळूवर नाक टेकलेलं. अधूनमधून मला विचारत, "हिच्या डोक्याला कसला वास येतो गं?" मी सांगितलं, तेलाचा आणि दुधाचा. मीही त्यांच्या शेजारी उभी होते. शेवटी मिलिंद जवळ आला, दबक्या आवाजात रागाने म्हणाला, "आत्या, प्लीज. आपली सगळी माणसं बसलीत आणि तू अशी उभी. आजोबांना कुणी बसू देत नव्हतं, ते आठवतं बघून."

सिस्टरनी मूल त्याच्याकडे दिलं. "बाबांना बसू देत नव्हते म्हणून ते उभे राहायचे. मला तुम्ही सगळे बस म्हणताय आणि मी बसत नाहीये. हा फरक तुला कळत नसेल मिलिंद, तर हिला तरी शिकव."

रिक्षात त्या मला म्हणाल्या, "तू खोटं बोलली असतीस तर मी बसले असते." जरा वेळाने म्हणाल्या, "बरं केलंस."

त्याच वर्षी थंडीत एका सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही. टेबल सापडायचं राहिलंच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मिलिंदने सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला. मी पोहोचले तर हॉलबाहेर दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर ओळीने पांढरी फडकी उन्हात वाळत होती. मिलिंद बाह्या सरसावून टेबलं पुसत होता. सोड्याने हात लाल झाले होते. मला पाहून तो बाजूला झाला. "मॅडम, तुम्ही बघून घ्या ना एकदा."

मी वाकले. डबी पाडली नाही. कसलाच वास नव्हता.

वंदना झाली, भंतेजी बोलले, वरण-भात आणि बुंदी वाढली गेली. मी दोन घासांवरच थांबले. रडू येत होतं म्हणून नाही. गरम पाणी, सोडा आणि ऊन, एवढंच लागत होतं. तीन शहरं, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लागलेली हॉटेलं, बार, कॅफे, काचा, कमानी, निळे दिवे, आणि त्यांतल्या एकालाही एका बाईसाठी एक फडकं उकळता आलं नाही. मिलिंदलाही आलं ते त्या गेल्यावर. मला त्या सगळ्याची शिसारी आली, आणि त्या स्वच्छ टेबलावरून मी पान अर्धं टाकून उठले.

पुढच्या रविवारी मी साडीला इस्त्री केली आणि कॅम्प तीनची रिक्षा धरली. जीन्सच्या दुकानापासून थोडं पुढे एक नवं हॉटेल निघालंय. दारातल्या वेटरने माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"कितने लोग, मॅडम?"

"एक," मी म्हणाले. रस्त्याकडचं टेबल रिकामं होतं. मी त्याच्यापाशी गेले आणि बसायच्या आधी वाकले.