स्लेट रंगाची तार

कणकवलीच्या स्टँडवर बापू माझ्याशी धड बोलले नाहीत. एसटीच्या टपावर माझी वळकटी चढवली, दोरी दोनदा आवळून पाहिली आणि खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "जातंस तर जा. पण रडान परत येव नको." मला त्यांचा भयंकर राग आला. बाकीच्यांचे वडील डोळे पुसत होते आणि माझे मला दम देत होते.

घाटकोपरला आत्याच्या चाळीत उतरले. आयटीआय झालं होतं, म्हणून एका खासगी कंपनीच्या टोळीत तीन महिन्यांच्या बोलीवर लागले. घाटकोपरच्याच नव्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कार्डं बसवायचं काम. एका एक्स्चेंजला दुसऱ्याशी जोडणाऱ्या लाइनींना ट्रंक म्हणतात. तसं मी पत्रात लिहिलं, तर आईने गावभर सांगितलं की पोरगी मुंबईत पत्र्याच्या ट्रंका बनवते. टोळीत बाई मी एकटीच. साहेबांचं मत उघड होतं, बायकांनी ऑपरेटर म्हणून खुर्चीत बसावं. तीन महिन्यांत जमलं नाही तर परतीची एसटी होती, आणि ती मला मुळीच पकडायची नव्हती.

माझ्या वाटणीला सोळा कार्डं आली. कार्ड रॅकमध्ये सरकवायचं आणि मागच्या बाजूला दहा रंगांच्या दहा तारा तक्त्यातल्या क्रमाने पिनांना घट्ट गुंडाळायच्या. पाचव्या पिनेसमोर लिहिलं होतं, 'स्लेट'. स्लेट म्हणजे पाटी, आणि आमच्या शाळेत आम्ही पाटी कोळशाने घासून काळी कुळकुळीत करायचो. मी काळी तार लावली. पुढे आठव्या पिनेसमोर 'ब्लॅक' आलं, तर काळी कधीच लागून गेलेली आणि एक राखाडी शिल्लक. म्हटलं, जुना माल असेल, काळा रंग विटला असेल. विचारावंसं वाटलं होतं, पण साहेबांच्या हाती आयतं कोलीत कोण देणार? सगळी कार्डं मी अशीच लावली, वर काम नीटनेटकं दिसतंय म्हणून खूशही झाले.

चाचणीच्या दिवशी बाकीच्यांच्या लाइनी मुलुंडला लागल्या. माझी एकही लागेना. टोळीतले सगळ्यात जुने शिर्केमामा रॅकमागे वाकले आणि हसायलाच लागले.

"वाट लागली! अगं, स्लेट म्हणजे राखाडी. काळी कशी लावलीस?" मग हळूच म्हणाले, "राहू दे, दोघं मिळून उरकून टाकू. साहेबांना कळणार पण नाय."

"नको मामा. मी लावल्यात, मीच काढणार."

साहेबांनाही मीच जाऊन सांगितलं, पाटीसकट. ते हसले नाहीत. "उद्या चारपर्यंत सगळ्या लाइनी लागल्या पाहिजेत. नाहीतर परवापासून येऊ नका," म्हणाले.

बत्तीस तारा. प्रत्येक सोडवायची, टोक कापायचं, नवं सोलायचं, पुन्हा गुंडाळायची. कापली की तार तोकडी होते, त्यामुळे आणखी चूक परवडणारी नव्हती. बोटांची सालं निघाली. दोनदा रडू आलं, तेव्हा बापूंवरचा रागच कामी आला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला चाचणीचा फोन उचलला. जरा खरखर झाली आणि पलीकडून एका माणसाचा आवाज आला, "हॅलो, मुलुंड. कोण बोलतंय?"

तोवर कोणीही कोण, कुठली म्हणून विचारलं की मी गावाचं नाव सांगायची. त्या दिवशी तोंडातून निघालं, "घाटकोपर." उरलेल्या पंधरा लाइनींवरही तेच सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने.

नोकरी टिकली, पुढे इथेच संसार झाला. बापू आता नाहीत. मी गावी गेले की शेजारीपाजारी ओटीवरून आपुलकीने विचारतात, "कधी इलंस?" आणि पाणी पिऊन होईपर्यंत दुसरा प्रश्न येतो, "कधी जातलंस?" त्यात वावगं काहीच नाही, तरी मला तो अजून लागतो. मी तारीख सांगते. घाटकोपरला मला कधी जाणार म्हणून कोणी विचारत नाही.