डोकं वर, हात एक

नियमापुढे माझ्या घरात नातंगोतं चालत नाही. याला जिल्ह्याची शालेय जलतरण स्पर्धा साक्ष आहे.

माझी मुलगी गौरी पालीजवळच्या आमच्या विहिरीत पोहायला शिकली. शिकवलं मी. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोकं पाण्याखाली गेलं की बाद, हा नियम मी कॉलेजात पाठ केला होता. त्यामुळे गौरी मान इतकी उंच धरून पोहायची, की बघणाऱ्याला वाटावं, पोरगी पाण्यात कुणाला तरी शोधतेय.

स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकच्या पहिल्या दोघी विभागीय स्पर्धेला जाणार होत्या. गौरी दुसरी आली! शहाणा माणूस इथेच टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण पहिली आलेली पाटोद्याची मुलगी दर हाताला डोकं पाण्यात खुपसत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. (मोबाईलमध्ये घेतलंही होतं.)

"मी लेखी तक्रार करणार."

"कावून?" बायको म्हणाली. "पोरगी निवडली ना आपली? गप बसा की वो!"

"प्रश्न निवडीचा नाही, नियमाचा आहे!"

टेबलापाशी एक तरुण पंच मॅडम होत्या. त्यांनी माझा अर्ज शांतपणे वाचला.

"सर, डोकं पाण्यात गेलेलं चालतं. दर हाताला एकदा वर आलं की झालं."

"कधीपासून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

"आणि भिंत सोडल्यावर तिनं माशासारखे पाय मारले, त्याचं काय?"

"तसा एकदा मारता येतो."

"हे कधी ठरलं?"

"ते नंतर ठरलं, सर."

"निदान बॅकस्ट्रोकला वळताना भिंतीला हात लावतात, की तेही सोडलं?"

"सोडलं. पाय लागला तरी चालतं."

माझा तोल गेला. कुणीतरी कुठेतरी बसून पोहण्याची सगळी शिस्त मोडीत काढतं, आणि पालीला साधं पत्रही येत नाही! व्हिडिओ बघितल्याशिवाय मी हलणार नाही, असं मी जाहीर केलं. मॅडम "राहू द्या, सर" असं दोनदा म्हणाल्या. मी मोबाईल त्यांच्या नाकापुढे धरला.

त्यांनी व्हिडिओ पाहिला. मग शेवट पुन्हा पाहिला.

"चौथ्या लेनमधली कोण?"

"माझी मुलगी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"तिनं शेवटी भिंतीला एकच हात लावलाय. दोन्ही हात एकदम टेकवावे लागतात."

विहिरीत पोहून झालं की मोटारीचा पाईप धरायचा असतो. तो एका हातानं धरतात. दुसऱ्या हातानं तोंडावरचं पाणी निपटतात. गौरीनं तेच केलं होतं. ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले आणि त्या टोकाचे पंच हार घेऊन धावले. (पाहुण्यांना हार तीन घातले. आल्याबद्दल.)

"हा नियम तरी बदललाय का?" मी हळूच विचारलं.

"नाही, सर. आणि पुरावा तुम्हीच दिलाय. आता मला न पाहिल्यासारखं करता येत नाही."

गौरी बाद झाली. टॉवेलात तोंड खुपसून ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी उगं घरी बसत जा." बायको तिला घेऊन फाटकाकडे चालू लागली.

फाटकात एक गृहस्थ आडवे आले. तिसऱ्या आलेल्या मुलीचे वडील. आष्टीत फळांचा गाडा लावतात. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सर, तुमी उठलात म्हणून आमची सानिया विभागाला चालली! असली सच्ची मानसं ऱ्हायली न्हाईत आता." आणि सीताफळांची पिशवी माझ्या हातात कोंबली.

तत्त्व म्हणून ती घ्यायला नको होती. पण चांगली पिकलेली होती.