टिचबटणांची बाही

रमाअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी पापनाशमहून तंजावूरला येणाऱ्या बसमध्ये घामानं निथळत होते. फोनवर भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, एवढंच म्हणाले, "अक्का झोपेंतच गेली... तूं ये." माझ्या मनात पहिला विचार आला तो मलाच विचित्र वाटला. आता भावोजींना थंडी वाजेल.

तंजावुरात थंडी वाजते म्हटलं की लोक हसतात. मार्गळी महिन्यात पहाटे कानाला मफलर गुंडाळणारे आमच्याकडेही आहेत, पण ती हौस. भावोजींची थंडी निराळी होती. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर त्यांचं डायलिसिस सुरू झालं. रक्त नळ्यांतून बाहेर फिरून येतं, वर खोलीत एसी. माणूस आतून गारठतो. शाल घ्यावी तर सुया टोचलेला डावा हात नर्सला सतत दिसायला हवा. भावोजी काकडायचे आणि वेळ पुरी व्हायच्या आत उठून यायचे. एकदा घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, "पोदुम, रमा. आतां मी जात नाहीं." पुरे, म्हणजे कायमचंच पुरे. अक्का त्या दिवशी जेवली नाही.

ती मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये शिवणकाम शिकवायची. सारा जन्म झंपर बेतण्यात गेलेला, थंडीशी ओळख एका उटीच्या सहलीपुरती. म्हणून तिनं आधी जाडजूड लोकरी स्वेटर विणला, डावी बाही गाळली आणि घरूनच तो घालून भावोजींना ऑटोत बसवलं. चैत्रातलं ऊन... हॉस्पिटल येईपर्यंत ते आतून चिंब, आणि एसीत तो घाम असा गार झाला की दात वाजायचे थांबेनात. ही चूक आमच्या गावच्या माणसानंच करावी. मी तिला चिडवलं, पण तिला हसू आलं नाही.

मग ती डायलिसिस चालू असताना त्या एसीत त्यांच्या शेजारी उघड्या दंडानं, न हलता बसू लागली. स्वतःच्या अंगावर शहारा आल्याशिवाय कात्री धरायची नाही, हा तिचा नवा नेम. इतर रोग्यांनाही विचारायची, "थंडी पहिलें कोठें शिरते?" कुणी तळवे म्हणे, कुणी मान, भावोजी म्हणाले, सुईच्या हाताचा खांदा. तिथूनच तिनं कपडा बेतायला घेतला. आत जुन्या नऊवारीचं मऊ सूत, वर फ्लॅनेल, मानेशी उंच पट्टी, आणि डावी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत उघडी, सुयांची जागा सोडून नाड्यांनी बांधायची. घालायचा तो तिथं पोचल्यावरच. नाड्या ती स्वतः बांधायची. तो घालून भावोजी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले, बसले कसले, चांगले घोरले. अक्का बाहेरच्या बाकावर येऊन रडली. पुढे तिनं इतरांनाही असे कपडे शिवून दिले.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. त्याबद्दल ती फार बोलली नाही. मात्र भावोजींच्या कपड्याच्या सगळ्या नाड्या उसवून तिथं मोठी टिचबटणं लावत बसली. मी म्हटलं, बांधायला तू असतेसच की. मान वर न करता ती म्हणाली, "एका हातानं लावतां यायला पाहिजे."

परवा भावोजींबरोबर मी गेले. नर्सनं सुया टोचल्या, आणि बाही सारखी करायला मी पुढे झाले. त्यांनी मला थांबवलं. उजव्या हातानं मनगटाकडून वर एकेक बटण दाबत गेले... शेवटचं खांद्यावरचं. ते लागलं तरी हात तिथंच राहिला.

"बस तूं," ते म्हणाले. "थंडी नाहीं."